मदत हवी आहे : पायाच्या बंद धमनीसाठी बायपास करावा का?

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. ठाण्यात मासुंदा तलावाची फेरी एका दमात पूर्ण करणारे बाबा आता गडकरी रंगायतनापर्यंत पोहोचण्याआधीच पोटरी धरून कठड्याला टेकतात. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.५५ आले (०.९ च्या खाली ते सदोष मानतात) आणि मांडीतील धमनी बंद असल्याने डॉक्टरांनी बायपास सुचवला आहे. नातेवाईक चिलेशनच्या सलाइनचा (शिरेतून औषध देऊन धमन्यांतील साठे काढून टाकण्याचा दावा करणाऱ्या उपचाराचा) आग्रह धरतात. त्यावर माझा विश्वास नाही. औषधे आणि देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम आधी करून पाहावा असे मला वाटत होते, परंतु अंगठ्याजवळची हरभऱ्याएवढी जखम तीन आठवडे भरलेली नाही, त्यामुळे थांबण्याची भीती वाटते. अशा स्थितीत फुग्याची अँजिओप्लास्टी पुरेशी ठरली का, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.