बीबीसीचा १९५१ मधला एक दिवस: श्रोत्यांची सोय की शिकवणी?

मध्यमलहरी:
१९५१ च्या उन्हाळ्यातला ब्रिटनमधला कुठलाही साधा वार घ्या. बीबीसी रेडिओच्या तेव्हा तीन वाटा: हलकाफुलका लाइट प्रोग्रॅम, मधली होम सर्व्हिस आणि सर्वात वरचा थर्ड प्रोग्रॅम. लाइटवर सकाळी नऊनंतर 'हाउसवाइव्ह्ज चॉइस', म्हणजे पत्रांनी आलेल्या फर्माइशी. साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. पावणेदोनला चिमुरड्यांची गोष्ट, दोनला 'वुमन्स अवर', चार वाजून गेल्यावर एका डॉक्टरांच्या बायकोची 'मिसेस डेल्स डायरी', पावणेसातला 'द आर्चर्स' ही शेतकरी कुटुंबाची मालिका. होम सर्व्हिसवर सकाळची प्रार्थना, शाळांसाठी पाठ, पाचला 'चिल्ड्रन्स अवर', रात्री नऊच्या बातम्या. आणि संध्याकाळी सहापासून थर्ड प्रोग्रॅम: ऑपेरा, ग्रीक नाटकं, तत्त्वज्ञानावर व्याख्यानं. जाहिरात एकही नाही. रेडिओचा परवाना वर्षाला एक पौंड.

इतका विचार करून आखलेला दिवस नंतर कुठल्याच माध्यमाने श्रोत्याला दिला नाही, असं माझं ठाम मत आहे. तेव्हाचे महासंचालक विल्यम हेली समाजाला पिरॅमिड मानायचे. माणूस लाइटवरून होमवर आणि होमवरून थर्डवर चढत जाईल, ही त्यांची आशा. आज मोबाईल आपल्याला जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा वाढतो, अचानक काहीतरी चांगलं कानावर पडणं राहिलंच नाही. तेव्हा निदान कोणीतरी तुम्ही चढाल असं गृहीत धरत होतं.

खडूस_काकू:
चढाल म्हणजे खाली आहात, हे आधीच ठरवलेलं! हा दिवस आखला कोणी आणि कोणासाठी, ते बघा की. बाई सकाळी नऊपासून घरातच असणार, हे धरूनच सगळी मांडणी. 'वुमन्स अवर' १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा सूत्रसंचालक कोण? ॲलन आयव्हिमी नावाचे गृहस्थ. बायकांचा तास, बोलणार बुवा.

'म्युझिक व्हाइल यू वर्क'चं तर विचारूच नका. युद्धात, १९४० मध्ये, कारखान्यातलं उत्पादन वाढावं म्हणून ते सुरू झालं. मध्ये निवेदकाची बडबड नाही, फार संथ चाल नाही, हात थांबता कामा नये. टाळ्यांचा ठेका असलेलं एक अमेरिकी गाणं तर तिथे बंदच केलं, कारण कामगार टाळीच्या जागी हातातली हत्यारं आपटतील अशी भीती. याला तुम्ही करमणूक म्हणता? ही मुकादमगिरी झाली.

आणि 'आर्चर्स'च्या मागे शेती मंत्रालयाचा सल्ला होता. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं, शेतकऱ्यांनी पीक वाढवावं म्हणून गोष्टीत घोळून दिलेला उपदेश तो.

मध्यमलहरी:
काकू, उपदेश होता, पण लोक चिकटून ऐकत होते त्याचं काय? २२ सप्टेंबर १९५५ ला आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी टीव्ही वाहिनी सुरू झाली, नेमक्या त्याच संध्याकाळी 'आर्चर्स'मधलं ग्रेस हे पात्र आगीत मेलं आणि दुसऱ्या दिवशी देशभर तिचीच चर्चा. मंत्रालयाला असलं सुचतं होय! आणि बायकांच्या त्याच तासात चाळिशीच्या दशकातच रजोनिवृत्तीवर उघड बोललं गेलं. आपल्याकडे घरातसुद्धा तो विषय कुजबुजत निघायचा.

तारसप्तक:
गंमत म्हणून: 'आर्चर्स'ने पावणेसातची जागा कोणाची घेतली? 'डिक बार्टन' या हेरकथेची. पोरांचा लाडका हेर गेला आणि त्याच्या जागी गाई आल्या. :)

सिलोनप्रेमी:
रविवारी रात्री अकरा वाजता इंग्रज पोरं काय लावायची? परदेशातून चालणारं, जाहिरातवालं रेडिओ लक्झेंबर्ग, लोकप्रिय गाण्यांच्या 'टॉप ट्वेंटी'साठी. खरखर, आवाज मध्येच बुडतोय, तरी कान लावून बसायची. हेलीसाहेबांच्या पिरॅमिडवर कोणी चढत नव्हतं, लोक खिडकीतून बाहेर उडी मारत होते.

आपण हे जवळून पाहिलंय. आकाशवाणीला पहिले नियंत्रक लायनेल फील्डन बीबीसीतूनच आलेले. पुढे मंत्री बाळकृष्ण केसकरांनी सिनेसंगीत हद्दपार केलं, लोकांनी रेडिओ सिलोन धरला, आणि शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला सुधारायला निघालं की काटा शेजारच्या देशाकडे वळतो.

परागंदा_पुणेकर:
मूळ लेखातच घोळ आहे. 'अचानक काहीतरी चांगलं कानावर पडणं' हवं असेल तर युद्धापूर्वीचा, बीबीसीचे पहिले महासंचालक रीथसाहेबांचा काळ घ्या. तेव्हा एकाच वाटेवर सगळं मिसळलेलं असायचं. हेलींनी तीन वाटा केल्या, त्यामुळे लाइटवाला लाइटवरच राहिला. स्वतः रीथना थर्ड पसंत नव्हता, तो याचसाठी: चांगलं संगीत वेगळ्या खोलीत ठेवलं की तिकडे तेच जातात ज्यांना ते आधीच आवडतं. तुमचा मोबाईलवाला आक्षेप खरं तर १९४६ च्या या वाटणीलाच लागू पडतो.

मध्यमलहरी:
पण होम सर्व्हिस विसरलात. ते मिश्रणच होतं. 'गून शो' या विनोदी कार्यक्रमाचा धुमाकूळ तिथेच चालायचा, बातम्या तिथेच, नाटकं तिथेच. आणि थर्ड नसता तर कवी डिलन थॉमसचं 'अंडर मिल्क वुड' हे नाटक जानेवारी १९५४ मध्ये कोणी लावलं असतं? लक्झेंबर्गने? १९५७ मध्ये थर्डचे तास कापले तेव्हा कवी एलियट, नट ऑलिव्हिए, संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारखे लोक विरोधात उभे राहिले, ते उगाच नाही.

खडूस_काकू:
एलियट आणि ऑलिव्हिए! म्हणजे पिरॅमिडच्या टोकावर आधीपासून बसलेलेच ओरडले. ज्यांना खालून वर आणायचं होतं त्यांच्यातला एक तरी ओरडला का, तेवढं सांगा.