पुणे मनपा निवडणूक: ‘२४ तास पाणी’ म्हणणाऱ्या उमेदवाराला नेमकं काय विचाराल?

मुठाकाठ

१५ जानेवारी २०२६ ला मतदान. ४१ प्रभाग, १६५ जागा, आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेला कारभार. पाणी सगळ्याच उमेदवारांच्या तोंडी आहे, पण नीट ऐकलं तर उत्तरं तीनच प्रकारची निघतात. एक: मीटर लावा, शहरभर २४ तास पाणी द्यायची समान पाणीपुरवठा योजना पुरी करा. दोन: घरगुती मीटर नकोच, पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलात आहे तशी राहू द्या. तीन: धरणातून कोटा वाढवून आणतो.

तिसऱ्याला तिथल्या तिथे बाद करा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा २९.१५ टीएमसी. त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरचं सिंचन. वाटप जलसंपदा खातं आणि कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे नगरसेवकाचं काही चालत नाही.

माझं मत पहिल्याच्या बाजूने, आणि मीटर आधी हवेत. आजची घरगुती पाणीपट्टी वापरावर नाही, घराच्या करपात्र मूल्यावर ठरते. दोन बेडरूममध्ये एकटे राहणारे आजोबा आणि त्याच आकाराच्या घरातली सहा माणसं सारखंच भरतात. टाकीचा बॉलकॉक बिघडून मिनिटाला २ लिटर पाणी ओव्हरफ्लोतून गेलं, तर दिवसाला २,८८० लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले तर हे २१ माणसांचं पाणी. मोजत नाही म्हणून ते कुणाला दिसत नाही.

टाकीखालचा

मोजायला विरोध नाही, क्रमाला आहे. दोन तास पाणी येणाऱ्या लाइनवर मीटर लावला की तो काय मोजतो? पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो. चावी फिरली की आधी हवा धावते, आणि मीटरचं चक्र हवेनेही फिरतं. ते झालं जादा बिल. उलट टाकी भरत आली की बॉलकॉकमधून बारीक धार येते. त्या धारेवर साधा मेकॅनिकल मीटर हलतच नाही. ते झालं कमी बिल. शिवाय जुन्या बिडाच्या पाइपातला गंज आणि वाळू चाळणीत अडकून मीटर बसतो तो वेगळाच.

आधी झोन वेगळे करा. योजनेत शहराचे १४१ झोन आखलेत, प्रत्येकाला ठरलेली टाकी. झोन खरंच वेगळा झाला का, हे तपासायची रीत सोपी आहे. रात्री हद्दीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग टाकीकडून येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि आतल्या दोन-तीन ठिकाणी प्रेशर गेज बघायचा. काटा शून्यावर यायला हवा. नाही आला तर नकाशात नसलेली एखादी लाइन शेजारच्या झोनमधून पाणी आणतेय. जुन्या वस्तीत हे हमखास होतं, कारण नवी लाइन टाकताना जुनी कापलेलीच नसते. तोवर झोनला दिलेलं पाणी आणि घराघरांत मोजलेलं पाणी यांचा हिशेब जुळायचा नाही, आणि तो फरक ‘गळती’ म्हणून लोकांच्या माथी बसेल.

सोसायटीसचिव

मीटरवाले उमेदवार एक गोष्ट बोलत नाहीत. सोसायटीत मीटर बसतो तो तोंडावर, खालच्या टाकीत पाणी येतं तिथे. आत फ्लॅटप्रमाणे वाटणी कशी करायची? वरच्या टाकीतून उतरणारे पाइप स्वयंपाकघराचे वेगळे, बाथरूमचे वेगळे. म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर आणि सगळ्या डक्टमध्ये फोडाफोड. जुन्या इमारतीत हे कुणी करणार नाही. शेवटी बिल फ्लॅटच्या संख्येने भागणार, आणि ते आजोबा पुन्हा सहा माणसांइतकंच भरणार.

मुठाकाठ

@सोसायटीसचिव, फ्लॅटची गोष्ट बरोबर. पण सोसायटीच्या तोंडावरच्या एका मीटरनेही काम होतं. चार माणसांचं घर, दिवसाला ५४० लिटर, महिन्याला १६,२०० लिटर. १०० फ्लॅटना महिन्याला साधारण १,६२० घनमीटर. रीडिंग त्याच्या दीडपट आलं की कमिटी स्वतःच जमिनीखालच्या टाकीची भेग शोधायला लागते. दर टप्प्याटप्प्याने चढता ठेवला तर गरजेपुरतं वापरणाऱ्याला झळ बसत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर, चढता दर आणि २४ तास पाणी तिन्ही करून दाखवलं.

@टाकीखालचा, ‘आधी सगळं नीट करा, मग मोजा’ हे म्हणणं ऐकायला शहाणपणाचं, पण मोजल्याशिवाय नीट झालं हे कळणार कसं?

टाकीखालचा

मलकापूर लहान गाव. तिथल्या यंत्रणेची तुलना पेठांतल्या जाळ्याशी होत नाही. आणि मोजायचंच तर झोनच्या तोंडाशी मोजा. पहाटे २ ते ४ मध्ये वापर जवळपास नसतो, तेव्हा टाकीतून जे जातं ती गळती. अडचण एवढीच, की पुण्यात प्रत्येक इमारतीखाली टाकी आहे, ती रात्रीही भरत राहते आणि गळती झाकली जाते.

२४ तासांचा खरा फायदा बिलात नाही, प्रवाहात आहे. त्याच १०० फ्लॅटना रोज ५४,००० लिटर हवेत. दोन तासांत घ्यायचे तर मिनिटाला ४५० लिटर ओढावे लागतात. दिवसभरात घेतले तर साडेसदतीस. आज टाकीजवळची मोठी सोसायटी ४५० ने ओढते म्हणून लाइनच्या शेवटच्या चाळीत मग मोटर लावून खेचतात. रिकाम्या पाइपात मोटर लावली की फुटक्या जोडातून शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत येतं. पहिल्या दहा मिनिटांचं गढूळ पाणी बऱ्याचदा असंच आलेलं असतं.

मात्र नुसतं २४ तास पाणी सोडूनही हे थांबत नाही. बॉलकॉक पूर्ण उघडा असेल तर मोठी सोसायटी टाकी भरेपर्यंत तेवढंच ओढणार. मोठ्या कनेक्शनला प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह लागतो. तो बसवायला मतदारांच्या नाराजीची तयारी लागते. विचारा बघू उमेदवारांना!

धायरीफाटा

तुमचा वाद पाइप असलेल्यांचा. २०१७ ला महापालिकेत ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३ आली (पुढे दोन वगळली). मिळकतकराची बिलं ताबडतोब आली, पाइप अजून यायचेत. इथल्या उमेदवारांची उत्तरं दोनच: टँकर वाढवतो, नाहीतर आरओ बसवतो.

टँकरचं गणित करा. १०,००० लिटर म्हणजे चौघांच्या १८ कुटुंबांचा एक दिवस. १०० फ्लॅटच्या सोसायटीला रोज साडेपाच टँकर. हा काही पाणीपुरवठा नव्हे. आणि आरओ? जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले, तेव्हा काही खासगी आरओ प्रकल्पांचंच पाणी खराब निघालं आणि महापालिकेने ते बंद केले. आरओने क्लोरीन निघून जातो. पुढची साठवण टाकी घाण असली की संपलं.

विहिरीच्या पाण्याबद्दल ‘टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो’ एवढं उत्तर घेऊ नका. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटरला ५ ग्रॅम टाकली तर लिटरमागे साधारण १.६ मिलिग्रॅम पडतो. पोतं उघडं राहून ताकद २० टक्क्यांवर आली की त्याच ५ ग्रॅममधून १ च मिळतो. पाणी गढूळ असेल तर तोही गाळातच खर्च होतो. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायला लागतं, आणि शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. विहिरीजवळ नमुना घेऊन ‘ओके’ लिहिणं फसवं आहे. ओटीचे (क्लोरीन तपासायचं रसायन, ऑर्थोटोलिडिन) थेंब टाकून शेवटच्या नळाचं पाणी पिवळं होतं का ते बघायला पाच मिनिटं पुरतात. उमेदवाराने प्रचारफेरीतच करून दाखवावं. घोषणांपेक्षा बरं.

जमाखर्च

पैशांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. जून २०१७ मध्ये याच योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. म्हणजे २०२७ मध्ये मुद्दल फेडायचंय, योजना अर्धवट असली तरी. ‘मीटर नको, पाणीपट्टी वाढ नको, योजना हवी’ म्हणणाऱ्याला एवढं विचारा की पैसे कुठल्या शीर्षातून काढणार. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण करून, म्हणजे दुसऱ्या कामाचा निधी वळवून? मग कुठल्या प्रभागाच्या ड्रेनेजचे?

आणि निकाल १६ जानेवारीला. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरायला हवेत. मधे पाच आठवडे. स्थायी समितीत १६ जण, म्हणजे १६५ मधल्या बहुतेकांच्या वाट्याला मुख्य सभेत हात वर करण्यापलीकडे काही येणार नाही. तुमचा उमेदवार या दराच्या ठरावावर कसं मत देणार, हे आत्ताच विचारून घ्या.

दुसरं, ‘स’ यादी. नगरसेवकाच्या हातातला निधी तोच. त्यातून प्रभागात एखादा जास्तीचा पाइप टाकून घेणं लोकांना आवडतं. पण तो झोनच्या नकाशाबाहेर जोडला गेला, की टाकीखालचा म्हणतात ती शून्याची चाचणी कायमची नापास.

सोसायटीसचिव

आणि झोनची हद्द प्रभागाच्या हद्दीशी जुळत नाही हे वेगळंच. टाकी एका प्रभागात, चावी दुसऱ्यात, कोरडा नळ तिसऱ्यात. त्यातून बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. तक्रार केली की ‘अ’ जागेचा ‘क’ कडे बोट दाखवणार. मत देतानाही चारही जागांसाठी वेगवेगळं बटण दाबायचंय. चौघांना एकच प्रश्न विचारा: आमचा झोन कुठल्या टाकीवर आहे, आणि आमची चावी किती वाजता उघडते? टाकीचं नाव दोघांना जरी सांगता आलं तरी खूप झालं.

मुठाकाठ

@टाकीखालचा, चला, अर्धं मान्य. झोनची चाचणी आधी. पण मोठ्या सोसायट्यांच्या तोंडावरचे मीटर तेव्हाच बसवा. पहिलं वर्ष बिल नाही, फक्त रीडिंग. हवेचा गोंधळ किती होतो तेही त्यातच कळेल.

टाकीखालचा

चालेल. ‘पहिलं वर्ष बिल नाही’ हे चौघांपैकी लेखी कोण देतंय?