क्रेडिट कार्ड आणि फसवणूक : तुमच्या बाबतीत काय घडलं?

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तरी पैसे जातातच. म्हणून इथे उपदेश नको. घडलेलं लिहा : समोरचा काय बोलला, पैसे कुठून गेले, बँकेने काय केलं, परत मिळाले का. बँकेचं नाव मात्र घेऊ नका, नाहीतर धाग्याचं भांडण होईल.

माझ्यापासून सुरुवात. पहाटे मोबाइलवर मेसेज : परदेशी चलनात खरेदी झाली. ओटीपी आलाच नव्हता. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा लागते, पण परदेशातल्या बऱ्याच साइट्सवर कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरच छापलेला छोटा सुरक्षा क्रमांक) एवढ्यावर काम भागतं. आदल्या वर्षी सहलीला जाताना आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले होते, ते तसेच चालू होते. कार्ड ब्लॉक केलं, त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. दहा कामकाजी दिवसांच्या आत रक्कम खात्यात तात्पुरती जमा झाली, पुढे कायम झाली. हे परदेशी व्यवहाराचं बटण आता सगळ्या ॲप्समध्ये असतं. शंभर सूचना वाचण्यापेक्षा ते एक बंद ठेवा.

लातूरची लेक
आमच्या बाबांना फोन आला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. पलीकडची मुलगी गोड मराठीत म्हणाली, "काका, तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत, फुकट घालवू नका." ओटीपी तिने मागितलाच नाही, म्हणून बाबा निर्धास्त! व्हॉट्सॲपवर बँकेच्या लोगोची एक फाइल आली, शेवटी "एपीके" लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲपच. ती उघडल्यावर त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, बाबांनी दिली. मग एका "फॉर्म"मध्ये कार्डाचे आकडे भरले. त्यानंतर ओटीपी येत राहिले आणि परस्पर तिकडे जात राहिले. बाबांना एकही दिसला नाही.

मी पुण्यात होते. मेसेजऐवजी ईमेलवर सूचना आली तेव्हा त्यांनी मला फोन केला. बँकेला सांगून कार्ड बंद केलं आणि लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावला. एक रक्कम कुठल्याशा वॉलेटमध्ये अडकलेली होती, ती गोठवली गेली. दुसरी पुढे निघून गेलेली. बँक म्हणते, ओटीपी वापरला गेलाय, म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. निकाल अजून नाही. बाबांना आता पैशांपेक्षा "मला, मास्तरला, फसवलं" याचंच जास्त लागलंय. त्यांच्यापुढे आम्ही विषय काढत नाही.

निवृत्त बँकवाला
लेकीने दोन्ही गोष्टी वेळेवर केल्या. एक भर घालतो. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, मग आधी चूक कुणाचीही असो. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा. फोनवर बोललात तरी वर एक ईमेल टाका. आणि "फसवणूक" म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँकेला आकार लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेत भरा. रागाच्या भरात लोक सगळंच थकवतात, आणि मग व्याज खरं चढतं.

ठाणेकर
मला फोनवाल्याने कार्डाचे पहिले सहा आकडे बिनचूक सांगितले. "बघा सर, आमच्याकडे तुमचा रेकॉर्ड आहे, उरलेले तुम्ही सांगा." मी हसलो. सुरुवातीचे आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार दाखवतात, त्या प्रकारच्या हजारो कार्डांवर तेच असतात! "सर, कार्ड आत्ता ब्लॉक होईल" म्हणाला. म्हटलं, कर बाबा, तेवढंच माझं काम वाचेल. फोन आपटला त्याने.

हॉटेलात जेवणारी
वेटर कार्ड घेऊन आत गेला की मला घास जात नाही. आता "मशीन इथेच आण दादा" म्हणते, कुणी वाईट वाटून घेत नाही. टॅप करून पिनशिवाय पाच हजारांपर्यंत जातात हे ठाऊक आहे ना? मी ती मर्यादा ॲपमध्ये कमी करून ठेवली आहे.

न्यू जर्सीहून
इकडे ओटीपीची भानगड बहुतेक ठिकाणी नाहीच. पेट्रोल पंपावर नंबर चोरीला गेला, कार्ड कंपनीनेच फोन करून विचारलं. क्रेडिट कार्डावरच्या अनधिकृत वापरात कायद्याने ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरतीच, आणि तेही सहसा मागत नाहीत. आईला मात्र मी भारतातले नियम सांगते, कारण तिला इथलं ऐकून सगळं सोपं वाटायला लागलं होतं.

साधा प्रश्न
मग कार्डच नको, डेबिट बरं, असं नाही का?

निवृत्त बँकवाला
उलट. डेबिटमधून गेले की तुमच्या बचतीतून गेले, आणि भांडण चालू असताना घरखर्चाला हात आखडतो. क्रेडिटमध्ये वाद बिलावर असतो. लिमिट मात्र गरजेपुरतंच ठेवा. बँक आपणहून वाढवून देऊ करते, तेव्हा नाही म्हणता येतं. आणि वापरात नसलेलं कार्ड बंद करायला लेखी कळवा. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद करावंच लागतं, पुढे उशिराचे रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यायचा नियम आहे.

लातूरची लेक
काका, आधी बँक की आधी १९३०?

निवृत्त बँकवाला
आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, त्याला मिनिटही लागत नाही. मग १९३०. बँकेचा फोन लागायची वाट बघत बसू नका, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तो लावायला सांगा.