दुसऱ्या वर्षाच्या आर्किटेक्चरच्या मुलांनी वर्षभर सोलापूरचंच एक घर करावं का?

उत्तरकसबा

बी.आर्क. पाच वर्षांचं. पहिलं वर्ष रेषा, रंग, मॉडेल यांत जातं आणि तिसऱ्यापासून मोठ्या इमारती सुरू होतात. पाया पडतो तो दुसऱ्या वर्षात. डिझाइन, बिल्डिंग कन्स्ट्रक्शन, थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स, क्लायमेटॉलॉजी, पाणी-ड्रेनेजच्या सर्व्हिसेस, इतिहास, सगळं एकदम अंगावर येतं. (नावं विद्यापीठागणिक थोडी बदलतात, माल तोच.) आणि प्रत्येक विषयाची वही वेगळी. डिझाइनच्या तासाला मूल लोणावळ्याचं वीकेंड होम काढतं, कन्स्ट्रक्शनला कुठल्याच जागेवर नसलेला जिना काढतं, क्लायमेटॉलॉजीत व्याख्या पाठ करतं. डिझाइनच्या शीटवर पश्चिमेला भिंतभर काच दिसते आणि त्याच मुलाच्या वहीत 'पश्चिमेचं ऊन टाळावं' हे वाक्य सुवाच्य अक्षरात सापडतं. हे मी ज्युरीला, म्हणजे मुलांची शीट तपासायला, बसून वर्षानुवर्षं पाहतोय.

माझं म्हणणं असं : सोलापुरात शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षभर एकच घर द्या. बाळीवेशीत, साखर पेठेत, पूर्व भागात, कुठंही एक छोटा प्लॉट घ्या आणि सहाही विषय त्याच घरावर चालवा. कन्स्ट्रक्शनला त्याच घराचा पाया, खाली काळी माती आहे हे धरून. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग प्लिंथचं (जोत्याचं) काय करायचं? स्ट्रक्चर्सला त्याच घराची तुळई. सर्व्हिसेसला त्याच घराचा हौद. गावाच्या बऱ्याच भागात पाणी काही दिवसांआड येतं. पुस्तकात माणशी दिवसाला १३५ लिटर असतात. घरात पाच माणसं आणि पाणी पाचव्या दिवशी, म्हणजे ३,३७५ लिटर साठवायला हवेत. ती टाकी कुठं बसते? जिन्याखाली? ओट्याखाली? तिचं झाकण वाटेत येतं का? हा प्रश्न सुटला की प्लॅनच बदलतो. लोणावळ्याच्या घरात हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

आणि दुसरी मागणी : वर्ष संपेपर्यंत संगणक बंद. सगळं हातानं. एक जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मोजून काढा, मोजताना बोट भिंतीला लागू द्या.

विरोध असेल तर जरूर लिहा, पण कारणासकट.

आरसीसी_होटगीरोड

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एकाच घराची कल्पना मला पटते. माळवदाचं कौतुक मात्र अर्धवट शिकवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवा. किल्लारी इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथं माणसं गेली ती बहुतांशी अशाच घरांखाली : दोन-अडीच फुटी दगडी भिंती, मातीचा सांधा, आणि डोक्यावर मातीचा थर. भिंत जाड दिसते, पण ती आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन कातड्यांची असते, मध्ये खडीमातीची भर. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं कातडी सुटतात. कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतात, त्यामुळं कोपरे आधी उघडतात.

आता हिशोब बघा, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जमेल असा. मातीचा एक फुटाचा थर धरा, घनता घनमीटरला १,७०० किलो. चौरस मीटरला साधारण ५०० किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर साडेपाच टनांच्या आसपास, लाकूड वेगळं. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३१०-३१२ किलो. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वरून नवी माती टाकत राहिलं की थर वाढतच जातो. हा हिशोब करून मग मुलांनी ठरवावं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं. सुंदर ड्रॉइंग काढून 'आपल्या पूर्वजांचं शहाणपण' असा मथळा लिहिला की मला राग येतो.

पालक_विजापूररोड

सर्व सरांना नमस्कार. मी आर्किटेक्ट नाही, माझी मुलगी दुसऱ्या वर्षात आहे. शैक्षणिक कर्ज काढलंय. सबमिशनच्या आठवड्यात ती रात्र-रात्र जागते, शीट चुरगळली की परत पहिल्यापासून. उत्तरकसबा सर म्हणतात संगणक बंद. मग मला सांगा, पुढं प्रशिक्षणाच्या सेमिस्टरला पुण्यातल्या ऑफिसांत अर्ज करताना पहिला प्रश्न काय असतो? रेव्हिट येतं का, स्केचअप येतं का, ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर. तिच्या वर्गातल्या ज्यांना येत नाही त्या सुट्टीत वेगळे पैसे भरून क्लास लावतात. म्हणजे कॉलेजची फी वेगळी, क्लासची वेगळी. हाताला वळण लागावं हे मलाही कळतं, पण त्याची किंमत कोण मोजतंय? ज्यांचं ऑफिस आधीच चालू आहे त्यांना ही गोष्ट सोपी वाटते.

उत्तरकसबा

पालक, फीचा मुद्दा रास्त आहे आणि कॉलेजनंच ते सॉफ्टवेअर शिकवलं पाहिजे, यावर माझं दुमत नाही. माझा वाद फक्त क्रमाशी आहे. नऊ इंची भिंत म्हणजे किती, हे हाताला कळलेलं नसलेलं मूल स्क्रीनवर झूम करत राहतं आणि तीन फुटी संडास काढून मोकळं होतं, कारण स्क्रीनवर तो मोठा दिसतो. रेव्हिट सहा महिन्यांत येतं. माप अंगात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्या वर्षातच मिळतो.

आरसीसी, आरपार दगडाचा मुद्दा अभ्यासक्रमात यायलाच हवा. तो माळवद मोजल्याशिवाय येणार कसा? भिंतीची जाडी दारात उभं राहून टेपनं मोजली, पडकी बाजू आतून बघितली, की दोन कातडी डोळ्यांना दिसतात.

दुसऱ्यावर्षाची

मी सध्या हेच सगळं शिकतेय, म्हणून बोलते.

आम्ही वाडा मोजलाय. ओळंबा, पन्नास मीटरची टेप आणि पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन. पहिल्यांदा चारही भिंतींची लांबी घेतली आणि शीटवर काढायला बसलो तर खोली बंदच होईना. मग सर म्हणाले, कर्ण घेतलेत का? जुनी खोली काटकोनात नसते, दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय तिचा आकार सापडत नाही. परत गेलो. माळवदाला वर उजेडासाठी आणि धुरासाठी सानं ठेवलेलं होतं. दुपारी त्यातून येणारा उजेडाचा गोळा जमिनीवर कसा सरकतो ते बघत आम्ही खडूनं खुणा केल्या. तेव्हा क्लायमेटॉलॉजीतला सूर्याचा आलेख मला पहिल्यांदा समजला. तेवढ्यापुरतं उत्तरकसबा सरांचं शंभर टक्के खरं.

पण संगणक बंद करा हे मान्य नाही. उत्तरेची खिडकी सुरक्षित, असं सगळे सांगतात. सोलापूर साडेसतरा अंशाच्या किंचित वर आहे. मेच्या ११-१२ तारखेला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मी माझं घर स्केचअपमध्ये बसवलं, ठिकाण सोलापूर दिलं आणि जूनची तारीख लावली. दुपारचं ऊन नुसत्या छज्जानं अडतं. सकाळी आणि संध्याकाळी मात्र ते ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरपं येऊन थेट उत्तरेच्या खिडकीत शिरतं. त्याला आडवा छज्जा पुरत नाही, खिडकीच्या बाजूला उभी भिंतोळी लागते. हे मला हातानं काढून कळलं असतं, पण एका तारखेसाठी. संगणकावर वर्षभराचं एका संध्याकाळी बघितलं आणि मग खिडकी हातानंच परत काढली. दोन्ही एकाच वर्षात का नको?

जुळेसोलापूरकर

मी इथलाच, शिकलो आणि काम करतो बाहेर. मला मूळ मागणीच धोक्याची वाटते. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ चा. त्याखाली कौन्सिलकडं नाव नोंदवलं की तुम्ही देशभर कुठंही आर्किटेक्ट म्हणून काम करू शकता. मग शिक्षण एका पेठेपुरतं का? सोलापूर सपाट आहे. सपाट प्लॉटवर वर्षभर काम केलेलं मूल प्लॅनमध्येच विचार करायला शिकतं. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, शिकवतो तो उतार. लोणावळ्याच्या घराची थट्टा सोपी आहे, पण कंटूरवर, म्हणजे चढउताराच्या जमिनीवर, घर बसवताना कुठली खोली अर्धा मजला वर, कुठली खाली, पाणी कुठून वाहून जाईल, भराव किती आणि खोदाई किती, हे जे कळतं ते साखर पेठेत कळणार नाही. दुसरं वर्ष हे नजर मोठी करण्याचं वर्ष आहे. इतिहासात मुलं ग्रीक देवळं, रोमन कमानी, गॉथिक चर्च बघतात ते याच वयात. त्यांना परत गल्लीत आणून बसवू नका.

उत्तरकसबा

उताराचा मुद्दा चांगला आहे. त्यासाठी एक छोटा प्रॉब्लेम पंढरपूरला चंद्रभागेच्या घाटावर द्या. पायऱ्या, पुराची पातळी, वारीची गर्दी, सगळा सेक्शनच आहे तो.

इतिहासाबद्दल मात्र ठाम बोलतो. कमान आणि घुमट शिकवायला रोमच्या फोटोवर का थांबायचं? विजापूर शंभर किलोमीटरवर आहे. गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. खाली दालन चौकोनी, वर घुमट गोल, आणि या दोघांना जुळवायला आठ कमानी एकमेकींत गुंफल्यात. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथं उभं राहून मुलानं त्या आठ कमानींचा प्लॅन वहीत काढला तर घुमटाचा भार चौकोनावर कसा उतरतो हे त्याला जन्मभर विसरता येणार नाही. दगडाचंच बघायचं तर हत्तरसंग कुडल दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. शके ९४० चा मराठी शिलालेख म्हणून लोक जातात, शिलालेख बघतात आणि परत येतात. चुन्याशिवाय उभे केलेले ते खांब आणि वरच्या तुळया कुणी मोजत नाही. तुळई दगडाची असली की दोन खांबांतलं अंतर इतकं कमी का ठेवावं लागतं? स्ट्रक्चर्सचा एक अख्खा धडा तिथं उभा आहे.

यंत्रमाग_अशोकचौक

सगळं वाचूलालोय. आमच्या पूर्व भागाचं नाव वर आलं म्हणून लिहितो. दरवर्षी कॉलेजची पोरं येतात, फोटो काढतात, 'कामगार वसाहत' म्हणून शीट लावतात. फोटो काढायला ना नाही. पण विचारा की काहीतरी! आमच्या घरात खाली माग, वर राहणं. माग चालू असला की वरची फरशी थरथरते, भांड्याच्या मांडणीला खालून रबर लावलंय आईनं. सुताची तूस सगळीकडं बसते, म्हणून खिडकी उघडावी तर वाऱ्यानं धागा तुटतो, बंद ठेवावी तर मे महिन्यात जीव जातो. हा प्रश्न कुठल्या पोरानं सोडवलाय ते दाखवा.

आणि बायका विड्या वळतात. त्याला नुसतं 'मल्टिपर्पज स्पेस' लिहून भागत नाही. टेंभुर्णीची पानं भिजवायला जागा लागते, ती ओल्या गोणपाटात ठेवायला जागा लागते, कातरायला उजेड लागतो, आणि मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तास पाठ टेकवायला भिंत लागते. सहसा हे सगळं दारातच होतं, कारण उजेड आणि शेजारीण दोन्ही तिथंच. कुंभारीला रे नगरात कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना आहे, त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. स्वतःचं पक्कं घर मिळणं फार मोठी गोष्ट आहे, त्यासाठी लोक किती वर्षं लढले आम्ही बघितलंय. आता दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी तिथं जाऊन बघावं, की दारात बसायची जागा लोकांनी कशी करून घेतली, पत्रा कुठं टाकला, ओटा कुठं काढला. त्याचं ड्रॉइंग काढा.

दुसऱ्यावर्षाची

काका, आमच्या गटातल्या चौघी यायला तयार आहेत. तुमच्या घराचं मोजमाप घेऊ का? फरशीच्या थरथरण्याचा आणि तुसेचा प्रश्न मी या सेमिस्टरच्या डिझाइनला घेते.

यंत्रमाग_अशोकचौक

या की. माग बंद असेल त्या दिवशी मोजायला या आणि चालू असेल त्या दिवशी नुसतं बसायला या. चालू असताना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही, पण ते पण कळायला पाहिजे.

आरसीसी_होटगीरोड

थरथर माझ्या विषयातली आहे. मागाचा पाया घराच्या पायापासून सुटा ठेवला, मध्ये फट ठेवली, तर वर जाणारा हादरा बराच कमी होतो. जुन्या घरात ते आता अवघड. नव्या डिझाइनमध्ये मात्र करून दाखव, आणि फटीचा डिटेल एकास पाच स्केलवर काढ. एकास शंभरवर काढलंस तर मी बघणार नाही.

जुळेसोलापूरकर

हे वाचायला चांगलं वाटतं. तरी विचारतो, अशा घरात वर्षभर राहिलेलं मूल तिसऱ्या वर्षी शंभर खाटांचं हॉस्पिटल करायला बसेल तेव्हा? स्ट्रेचरच्या वाटा, ऑपरेशन थिएटरची हवा, दोन जिन्यांमधलं अंतर. मोठ्या इमारतीची सवय अचानक होत नाही.

उत्तरकसबा

ज्यानं ३,३७५ लिटरची टाकी चारशे चौरस फुटांत बसवलीय तो हॉस्पिटलची टाकी बसवेल. मला उलटी भीती वाटते, शंभर खाटांचा प्लॅन काढणाऱ्याला एका खाटेभोवती माणूस कसा फिरतो हे माहीत नसण्याची.

संगणकाबद्दल : दुसऱ्यावर्षाचीचा उत्तरेच्या खिडकीचा दाखला मजबूत आहे. ऊन तपासायला, सावली बघायला दुसऱ्या सेमिस्टरपासून संगणक द्या. प्लॅन, सेक्शन आणि डिटेल मात्र वर्षभर हातानंच, यावर मी हटत नाही.

पालक_विजापूररोड

म्हणजे माझ्या मुलीनं ऊन संगणकावर बघायचं, घर हातानं काढायचं, यंत्रमागवाल्यांकडं दोनदा जायचं, विजापूरला जायचं, पंढरपूरला जायचं, आणि सहा विषयांची परीक्षा वेगवेगळी द्यायची. पेपर अजून सहाच आहेत ना? मार्क त्या सहा वह्यांनाच आहेत. सरांनी एका घरावर सहा विषय आणले तर विद्यापीठाकडून मार्कही एकत्र करून आणा. तोवर हा सगळा जादा भार मुलांवरच पडणार, आणि मी याला हो म्हणणार नाही.

उत्तरकसबा

अंतर्गत मार्क कॉलेजच्या हातात असतात. पहिलं पाऊल तिथं टाकता येईल : डिझाइन, कन्स्ट्रक्शन आणि सर्व्हिसेसची ज्युरी एकाच दिवशी, एकाच शीटवर, तिन्ही शिक्षक समोर बसलेले. तेवढ्यानं तीन सबमिशनांची एक होते, मुलांच्या रात्री कमी होतात. लेखी पेपरांचं अभ्यास मंडळाकडं मांडावं लागेल. मुद्दे मी लिहून काढतो. आरसीसी, स्ट्रक्चर्सचा भाग तुम्ही लिहाल का?

आरसीसी_होटगीरोड

लिहितो. त्यात किल्लारी पहिल्या पानावर असेल, हे आताच सांगून ठेवतो.