मंडळीतली सेवा: तुमच्या वाट्याला काय आलं? (अनुभव धागा)

मागच्या_बाकावरची

परवा माळा आवरताना चष्म्याचं एक जुनं घर सापडलं. आत चष्मा नाही, वर्तमानपत्राचा घडी घातलेला कपटा. हातात घेतला आणि एकदम सोळा वर्षांची झाले.

तेव्हा आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) 'भेटीची वही' असायची. उपासनेला येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या, आजारी माणसांची नावं त्यात, आणि समोर कोण कधी जाऊन आलं त्याची सही. तरुण संघातून मला एक आजोबा मिळाले. डोळे पार गेलेले. दर शुक्रवारी जाऊन त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं. मी घरून स्तोत्रांवर खुणा करून जायची, 23, 91, 121. आवाज जरा पाळकांसारखा काढायची.

चार शुक्रवार झाले. पाचव्याला मी पुस्तक उघडलं तर म्हणाले, "पोरी, हे मला पाठ आहे. तो पेपर घे. शेवटून दुसरं पान."

निधनवार्ता!

मग मी वाचायची आणि ते ऐकायचे. नाव, वय, मागे कोण कोण. प्रत्येक वयाशी मनातल्या मनात वजाबाकी करून "माझ्याहून तीनने लहान!" म्हणत मांडीवर थाप मारायचे. एखादा नव्वदीचा निघाला की गप्प. मला भयंकर अपराधी वाटायचं. वहीत 'वाचन केले' लिहून सही करायची, कसलं ते लिहायची नाही. असं दीड वर्ष चाललं. पाळकांना आजतागायत पत्ता नाही.

एवढी वर्षं मला ती चोरी वाटत आलीय. परवा माळ्यावर बसून वाटलं, पहिले चार शुक्रवार मी स्वतःसाठीच जात होते.

तुमच्याही हातात मंडळीतल्या कुणीतरी असं काही काम ठेवलं असेल. भेटी, तुरुंग, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग), दफन, कपडे, काहीही. लिहा. साक्ष द्यायची नाहीये, घडलं तसं लिहा. फजित्या आधी.

खुर्चीवाला

खुर्च्या. 11 वर्षं. मांडणे आणि उचलणे. बाकी काही नाही.

निळी_छत्री

लोखंडी की प्लास्टिक?

खुर्चीवाला

आधी लोखंडी. डाव्या करंगळीचं नख अजून वाकडं येतं. आता प्लास्टिक. एकात एक अशा घट्ट बसतात की दोघांनी ओढाव्या लागतात. रस्सीखेच.

बिनपगारी_सेक्रेटरी

फजिती म्हणालात म्हणून. आमच्या प्रार्थना साखळीत निरोप एकाकडून दुसऱ्याकडे फोनवर जायचा. एक काका दवाखान्यात होते, रात्रभर तळमळले, पहाटे डोळा लागला. त्यांच्या सुनेने पहिल्या बाईंना कळवलं, "बाबा आत्ता झोपलेत." चौथ्या फोनला त्याचं "प्रभूमध्ये झोपी गेले" झालं. नऊ वाजता गायनमंडळातले तिघे काळ्या पँटी घालून दवाखान्यात हजर, हातात फुलं. काका उठून बसलेले. म्हणाले, "बसा की. कोण गेलं?"

तेव्हापासून साखळीत नियम: झोपले तर 'झोपले, उठणार आहेत' असं म्हणायचं.

टंकनचूक

मेले मी हसून 😂😂 (उठणार आहे)

दुपारचा_कावळा

तुरुंग. महिन्यातून एक शनिवार. दारात ओळखपत्र, वहीत सही, मोबाईल जमा, गिटारच्या पोटात हात घालून तपासणी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एक तासाचं प्रवचन तयार करून नेलं होतं. ऐकणारे चाळीस, त्यातले तीस गाण्यासाठी आलेले. प्रवचन सुरू झालं तशी भिंतीला टेकून झोप काढायला लागले.

खरं काम निघालं पत्रं लिहिण्याचं. एकाला लिहिता येत नव्हतं. मुलीला पत्र सांगायचा. "सत्तावीसचा पाढा पाठ झाला का? मास्तरांना उलट बोलू नकोस. नवीन दप्तर फाडू नकोस." मी लिहून घ्यायचो. तिसऱ्या पत्राला सहज विचारलं, किती वर्षं झाली तुम्हाला आत? मग माझ्या लक्षात आलं, ती मुलगी आता एकोणीस वर्षांची असणार. त्याच्या लेखी चौथीतच होती. मी काही बोललो नाही. पाढा तसाच लिहिला.

उत्तर कधी आलं का ते विचारू नका.

सांजवात

😔

गावाबाहेरची_विहीर

आमच्या महिला मंडळाकडे जुन्या कपड्यांची पेटी. लोक काय काय टाकतात! एका पायाचा बूट. फाटलेले बनियन, धुतलेले सुद्धा नाहीत. एकदा कोटाच्या आतल्या खिशात चक्क कवळी. मालक पुढच्या रविवारी बोळक्या तोंडाने उपासनेला, आणि कुणाला सांगताही येईना. आम्ही पाकिटात घालून दानपात्राशेजारी ठेवली, वर लिहिलं 'ज्याची त्याने न्यावी'. उपासना संपेपर्यंत पाकीट गायब.

पण खरं सांगू, वैताग येतो. बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये ती टबीथा, म्हणजे दुर्कस. ती वारल्यावर विधवा येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे दाखवायला लागल्या. तिने स्वतः बसून केलेले कपडे! उरलेसुरले, माळ्यावरचे नाही. आता आम्ही पेटीवर कागद चिकटवलाय: 'स्वतः घालून उपासनेला याल का? नसेल तर पोतेरं करा.' दोन जणी रागावल्यात. रागावू देत.

निळी_छत्री

कवळी 🙈

शाळेतली_बाई

शब्बाथ शाळा, छोटा गट, 5 ते 7 वयाची. येशूने पाच भाकरी दोन माशांत हजारोंना जेवू घातलं, ती गोष्ट शिकवत होते. एका कार्टीने हात वर केला: "मग भांडी कोणी घासली?"

मी म्हटलं, अगं, गवतावर बसून जेवले, भांडी नव्हती. ती म्हणे, "मग पाट्या?" (बारा पाट्या, म्हणजे टोपल्या, भरून उरलं होतं ना.) माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

गावाबाहेरची_विहीर

बायकांनी घासल्या. शुभवर्तमानात मत्तय स्पष्ट लिहितो, बायका आणि मुलं सोडून पाच हजार. मोजल्या सुद्धा नाहीत.

खुर्चीवाला

आणि खुर्च्या?

शाळेतली_बाई

गवत!! वाचतच नाही हा माणूस.

विषय निघालाच आहे तर, शब्बाथ शाळा मुळात बायबल पाठ करून घ्यायला निघाली नव्हती, हे किती जणांना माहितीय? रॉबर्ट राइक्स हे ग्लॉस्टरचे वर्तमानपत्रवाले. 1780 मध्ये त्यांनी सुरू केली तेव्हा मुलं आठवडाभर कामावर जायची, मोकळा वार एकच, रविवार. तेव्हा अक्षरओळखच शिकवायचे, वाचायला पुस्तक बायबल. आमच्याकडे आता उलटं. सगळी वाचतात, रविवारी सकाळी क्लास असतो म्हणून येत नाहीत. गेल्या रविवारी चार आली. त्यातली दोन माझीच.

बिनपगारी_सेक्रेटरी

आमच्याकडे तीन. पाळकांची.

कोरडी_शाई

जरा वेगळं आणि कडू लिहितो. एका मंडळीत असताना (नाव घेत नाही, तिथे आता जात नाही) पुराच्या वेळी धान्य वाटलं. यादी वर्गणी भरणाऱ्यांचीच केली. मागच्या वस्तीतली, कधीमधी उपासनेला येणारी माणसं दाराशी उभी होती. मी वाटपाला होतो. मला सांगितलं, यादीत नाव असेल तरच. मी तसंच केलं. एक म्हातारी रिकामी पिशवी नीट घडी घालून, कमरेला खोचून निघून गेली. ती घडी डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीतही अगदी हेच भांडण. कृत्ये 6. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर. तेव्हा त्यांनी काय केलं, तर सात माणसं नेमली, स्तेफन, फिलिप्प वगैरे, आणि सातांचीही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात पळी दिली. आमच्याकडे तक्रार करणाऱ्याला पुढच्या समितीत घेतलं नाही. तो मीच.

दगडी_पायरी

भावना समजल्या. पण आधी विश्वासी घराण्याचं बघावं असं गलतीकरांस पत्रातच आहे ना? आणि नुसतं वाटप करायचं तर संस्था आहेतच. सुवार्ता न सांगता सेवा म्हणजे मंडळी कशाला हवी?

कोरडी_शाई

त्याच वचनात 'सर्वांचे बरे करावे' आधी आहे हो. नंतर 'विशेषेकरून'.

आणि सम्राट ज्युलियन, ख्रिस्ती धर्म सोडलेला, मंडळीचा कट्टर विरोधक, त्याने 362 च्या सुमारास आपल्या पुजाऱ्याला पत्र लिहून खंत केली, की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आपल्याला लाज वाटायला हवी. शत्रूने दिलेलं प्रशस्तिपत्रक आहे ते. आमच्या यादीवर त्याने काय लिहिलं असतं?

दगडी_पायरी

हे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा राहतोच.

उंबरठा

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना लिहिलेलं? या वादावरूनच आठवलं. आई अतिदक्षता विभागात होती, मी बाहेरच्या बाकावर, एकटी. एक बाई रोज संध्याकाळी यायच्या, गळ्यात बारीक क्रूस. शेजारी बसायच्या. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, आता पत्रक काढणार. काढलं नाही. दुसऱ्या दिवशी फोनचा चार्जर आणला, माझ्या फोनला बसणारा (आदल्या दिवशी पिन बघून गेल्या होत्या!). तिसऱ्या दिवशी "मी बसते, तू तोंड धुऊन ये." चौथ्या दिवशी मीच चिडून विचारलं, तुम्ही काही सांगणार नाही का? म्हणाल्या, "तू विचारशील तेव्हा सांगेन. आज विचारू नकोस, आज तू दमलीयस."

आई गेली. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार्जर माझ्याकडेच राहिला.

मागच्या_बाकावरची

चालेल काय, अगं लिहीच. 🙏

दगडी_पायरी

उंबरठा, वाचलं. थोडा वेळ गप्प बसतो.

टंकनचूक

माझ्या फोनचा चार्जर हरवलाय त्यावरून.. कुणाकडे आहे का 😅 सॉरी. चुकीच्या वेळी विनोद.

उंबरठा

नाही हो, हसू आलं. बरं वाटलं.

आडवा_पाऊस

2021. आमच्या तरुण संघातली सहा पोरं दफनाला जायची. नातेवाईक विलगीकरणात, पाळक स्वतः आजारी. त्या पांढऱ्या किटमध्ये घाम पायापर्यंत ओघळतो, बुटात साचतो. पेटी दोरांवरून सोडताना हातमोजे घसरतात, म्हणून दोराला गाठी मारून घ्यायचो. हे कुणी शिकवलं नव्हतं, दुसऱ्या दफनाला कळलं.

माझं काम फोन धरायचं. व्हिडिओवर घरचे. एकदा बॅटरी 6 टक्के. तिकडे त्या काकू मागे लागलेल्या, पूर्ण गीत म्हणा, त्यांना आवडायचं, चारही कडवी. किटच्या काचेवर वाफ, शब्द दिसेनात, दोघांनाच पाठ. तिसऱ्या कडव्यात फोन बंद पडला. आम्ही चौथं म्हटलं. का म्हटलं माहीत नाही, ऐकायला कुणी नव्हतं.

त्या काकू आता मंडळीत भेटल्या की चौथं कडवं म्हटलं का असं विचारत नाहीत. मला सांगायचंय.

सांजवात

सांग रे त्यांना. खरंच सांग. या रविवारीच.

दुपारचा_कावळा

+1

विझलेली_काडी

आमचं सभागृह मंगळवारी संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाला वापरायला दिलंय. त्याच त्या, 1935 मध्ये अमेरिकेत अक्रनला दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेल्या प्रकारचा गट. आडनाव नाही, फी नाही, गोल करून बसायचं. मंडळीच्या सभेत यावरून दरवर्षी वाद. कप विसळत नाहीत, पायरीवर सिगारेटची थोटकं टाकतात. सगळ्यात मोठा आवाज माझ्या वडिलांचा. मी शेजारी बसून मान डोलवायचो, खिशात बडीशेप.

पुढच्या वर्षी मंगळवारी मीच आत गेलो. मागच्या दाराने. आत आमच्या मंडळीतले आणखी दोघे. कुणीच कुणाला 'तुम्ही इथे?' विचारलं नाही. त्यातला एक रविवारी अर्पणाची थैली फिरवतो.

साडेचार वर्षं झाली. कप आता मी विसळतो. वडील अजून सभेत थोटकांचं बोलतात.

खुर्चीवाला

मंगळवारी कुणीतरी खुर्च्या गोल लावतं आणि परत रांगेत लावून जातं, तो तू होय! एक सरळ रेषेत नसते कधी.

विझलेली_काडी

तू आमच्याच मंडळीत आहेस?? 😳

खुर्चीवाला

मला काही माहीत नाही. मी खुर्च्यांचं बोलतोय.

विझलेली_काडी

🙏

जुनी_ओवी

धागाकर्तीच्या आजोबांवरून: डोळे गेलेल्यांना वाचून दाखवणं एक, आणि त्यांना वाचायला शिकवणं दुसरं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. तिथल्या कितीतरी मुली 1896-97 च्या दुष्काळातून रमाबाईंनी आणलेल्या. त्यांना धान्य देऊन परत पाठवलं असतं तरी लोकांनी पुण्यच म्हटलं असतं. बाईंनी छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं, स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते तिथेच त्यांच्या मुलींच्या हातून छापून निघालं. पुरतं छापून झालं 1924 ला. बाई 1922 लाच गेल्या होत्या.

माझ्या आजीला ब्रेल येत होतं, पण ती तिथली नव्हे. ती अंधारात पांघरुणाखाली वाचायची, आणि आई रागवायची दिवा घालव म्हणून. सवयीने. दिवा नसायचाच.

शाळेतली_बाई

किती गोड 😂 आजीवर वेगळा धागा काढा.

निळी_छत्री

धागाकर्ती, एक राहिलं. कपट्यावर काय होतं? चष्म्याच्या घरातल्या?

मागच्या_बाकावरची

त्यांचीच निधनवार्ता. मीच कापून ठेवलेली, विसरले होते. वय 88. त्या दिवशी त्याच पानावर एक एक्याण्णव वर्षांच्या बाई होत्या. आजोबांना आवडलं नसतं.

टंकनचूक

😭😂

खुर्चीवाला

रविवारी दुपारी सभा, 140 खुर्च्या. दोन हात कमी आहेत. गाठ मारता येणारी पोरं चालतील. आडवा_पाऊस, तू कुठल्या गावात असतोस?