जलरंगात स्वतःचा सावळा चेहरा: सावल्या मातकट होतात

रेवा
नमस्कार मंडळी. आरशात बघून जलरंगात स्वतःचं व्यक्तिचित्र करतेय. माझा वर्ण सावळा. कपाळ, गाल बरे उतरतात, पण जबड्याखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत रंग मेल्यासारखा दिसतो. यलो ऑकर (मातीसारखा पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सावलीला बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) थोडा काळा घेते. डावीकडे खिडकी, वर ट्यूबलाइट. कागद ३०० जीएसएमचा म्हणजे जाड आहे, पण कॉटनचा नाही. गोऱ्या त्वचेचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, आपल्या वर्णाचे कुठे शोधू?

ब्रशवाला
ट्यूबलाइट बंद करा. उजेड एकाच बाजूने हवा, नाहीतर सावलीचा आकारच कळत नाही. काळ्याऐवजी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा मिसळा. निळा वाढवत नेला की जवळजवळ काळा होतो, पण मरत नाही.

सावंतकाका
रेवाताई, काळा सोडाच, पण सगळ्या सावल्या एकाच मिश्रणाने भरू नका. नाकपुडीच्या कडेला, कानाच्या पाळीत उजेड मांसातून झिरपतो, तिथली सावली लालसर असते. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. जलरंगच आहे, हातात दिवा घेतलेल्या बाईचं. ज्योतीपुढे आडवा धरलेला हात आतून पेटलेला वाटतो! मी तर ती बोटं बघत तिथून हलतच नव्हतो. अशा जागी बर्न्ट सिएनात थोडा परमनंट अलिझरिन (गडद लाल) घाला. साधा अलिझरिन क्रिमसन उन्हाने उडतो.

नाकाच्या दांड्यावरची चमक पांढरी समजून कोरी ठेवू नका. खिडकीतून आभाळ दिसत असेल तर सावळ्या त्वचेवर ती निळसर येते. अगदी पातळ कोबाल्ट निळा फिरवा.

आणि अंगात काय घातलंय? कपड्याचा रंग हनुवटीखाली उतरतो.

रेवा
काका, हळदीच्या रंगाचा कुर्ता आहे! म्हणजे जबड्याखाली पिवळा?

सावंतकाका
हो. तिथे आधी यलो ऑकर, मग तो ओला असतानाच कडेने सिएना-अल्ट्रामरीन सोडा आणि हात काढून घ्या. कॉटन नसलेल्या कागदावर दुसरा थर घासलात की खालचा उचलला जातो, गढूळपणा बराचसा तिथूनच येतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून पहिल्याच हाताला वाटतं त्याहून गडद घ्या.

ब्रशवाला
त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी फक्त हनुवटी करून बघा. तोही इथे टाका.