आधी फेऱ्या, मग नवे मार्ग
'उपनगरातल्या प्रत्येक नव्या वसाहतीला स्वतंत्र बसमार्ग द्या' हे काही पटलं नाही. गाड्या तेवढ्याच ठेवून मार्ग वाढवले की फेऱ्या विरळ होणारच. साधा हिशेब बघा: जाऊन-येऊन 60 मिनिटं लागत असतील, तर दर 10 मिनिटांनी बस सोडायला 6 गाड्या लागतात. कोंडीमुळे तीच फेरी 80 मिनिटांवर गेली की 8. म्हणजे जादा दोन गाड्या निव्वळ कोंडीत उभं राहायला! बससाठी वेगळी मार्गिका आखली तर त्याच दोन गाड्या दुसऱ्या मार्गावर सोडता येतील. आणि हो, थांब्यापर्यंत धड फुटपाथ नसेल तर भर पावसात चिखल तुडवत कोण येणार? लोक सरळ दुचाकी काढतात.